नोटीस आल्यावर बॅकअपच्या टेपा फिरवणे थांबवायचे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकण परिसरातली सुटे भाग बनवणारी कंपनी, सव्वाशे माणसे. फाइल सर्व्हर आणि टॅलीचा रोज रात्री डिस्कवर बॅकअप होतो, तो ३० दिवस राहतो. दर शनिवारी एलटीओ-७ टेपवर (बॅकअपच्या चुंबकी टेपांची सातवी पिढी) पूर्ण बॅकअप, त्यासाठी ४ टेपा आळीपाळीने. महिनाअखेरची टेप वेगळी, ती १२ महिन्यांनी पुन्हा वापरात येते. मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर. २०२३ साली दिलेल्या डायच्या ऑर्डरवरून पुरवठादाराने नोव्हेंबर २०२५ मध्ये वकिलामार्फत पैशांची नोटीस पाठवली. कंपनीचे वकील म्हणतात, काहीही पुसू नका. मालक म्हणतात, नव्या टेपांची मागणी आणू नका. ती ऑर्डर पाहणारा खरेदी अधिकारी जूनमध्येच नोकरी सोडून गेला. टेपा थांबवायच्या का, आणि मुळात बॅकअप किती वर्षे ठेवायचा?

वकील आणि मालक, दोघांचेही समाधान होईल असा मार्ग आहे. सगळे चक्र थांबवू नका. चक्रातून नेमक्या तीन-चार टेपा बाहेर काढा, कुलपात ठेवा आणि बाकीच्या फिरू द्या. फक्त कोणत्या काढायच्या हे आज ठरवा, सोमवारी नव्हे. महिनाअखेरीला नोव्हेंबर २०२४ ची टेप पुसली जाणार आहे आणि तुमच्याकडची सर्वांत जुनी टेप तीच आहे.

सगळे थांबवले तर काय होते ते आधी हिशेबाने बघा. ४ साप्ताहिक आणि १२ मासिक टेपा अडकतात आणि पुढच्या प्रत्येक शनिवारी नवी टेप लागते, म्हणजे वर्षाला ५२. दावा पाच वर्षे चालला तर कपाटात अडीचशेच्या वर टेपा जमतात आणि त्यांतल्या बहुतेकांवर तोच तो मजकूर असतो. दोन-तीन महिन्यांत कुणीतरी कंटाळून खोक्यातली एखादी 'जुनी' टेप वापरायला घेतो. नेमकी तीच हवी असलेली निघते. गोष्ट अशीच बिघडते, कुणाच्या वाईट हेतूने नव्हे.

टेप निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. पूर्ण बॅकअप म्हणजे त्या रात्री सर्व्हरवर जे जे होते त्याचा फोटो. २०२३ ची एखादी फाइल आजही सर्व्हरवर असेल तर ती कालच्या बॅकअपमध्येही आहे, तिच्यासाठी जुनी टेप जपण्याचे कारण नाही. जुन्या टेपेची किंमत फक्त मधल्या काळात पुसलेल्या किंवा बदललेल्या फायलींपुरती. म्हणून स्वतःला दोन प्रश्न विचारा: या वादाशी संबंध असलेल्या कुणाच्या फायली कधी पुसल्या गेल्या असतील? आणि त्याच्या लगेच आधीचा पूर्ण बॅकअप कोणता?

तुमच्या बाबतीत उत्तर जवळजवळ आपोआप मिळते. पहिली, नोव्हेंबर २०२४ ची मासिक टेप, कारण त्यामागे काहीच नाही. दुसरी, मे २०२५ ची मासिक टेप. तो अधिकारी जूनमध्ये गेला, जाताना किंवा गेल्यावर त्याचा फोल्डर कुणी आवरला असेल तर तो मेअखेरीला जसाच्या तसा होता. तिसरी, नोटीस मिळाल्यानंतरच्या पहिल्या शनिवारची पूर्ण टेप. नोटीस आली त्या दिवशी काय होते याचा तो पुरावा, आणि 'नोटिशीनंतर यांनी साफसफाई केली' असा आरोप झाला तर उत्तर तिथूनच द्यायचे. चौथी, ऐच्छिक: जूनअखेरीची, म्हणजे आधी आणि नंतर काय बदलले हे दोन टेपा ताडून सांगता येईल. चार टेपा गेल्या, चार नव्या घ्या. मालकांना हा आकडा सांगा, ५२ चा नको.

डिस्कवरच्या ३० दिवसांकडे मात्र वेगळे लक्ष द्यावे लागते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एक पूर्ण बॅकअप आणि त्यावर रोजच्या बदलांची साखळी असते. ३१ व्या दिवशी सर्वांत जुना बदल मूळ पूर्ण बॅकअपमध्ये मिसळून टाकला जातो. म्हणजे जुना दिवस रोज एकेक करून विरघळत असतो, एखादी फाइल उडताना दिसत नाही. इथे फाइल 'कॉपी' करून बाजूला ठेवून भागत नाही, साखळीतली मधली कडी एकटी उघडत नाही. व्हीमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एखादा दिवस स्वतंत्र पूर्ण फाइल म्हणून एक्सपोर्ट करण्याची सोय आहे, ती वापरा. सर्वांत जुना उपलब्ध दिवस आणि नोटीस मिळाली तो दिवस असे दोन एक्सपोर्ट पुरेत. सेटिंगमध्ये ३० चे ३६५ करून मोकळे होऊ नका. डिस्क भरते, रात्रीचा जॉब फेल होतो, आणि खरा बॅकअपच बंद पडल्याचे पंधरा दिवसांनी कळते.

आता टेप 'बाहेर काढणे' म्हणजे नेमके काय. टेपेच्या कडेला एक छोटी सरकपट्टी असते, ती लॉकच्या बाजूला सरकवा. मग ड्राइव्ह त्यावर लिहीत नाही. पण एवढ्यावर थांबाल तर अर्धेच काम झाले. बॅकअप सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगमध्ये त्या टेपेची मुदत १२ महिनेच राहते, आणि ती संपली की सॉफ्टवेअर त्यातल्या फायलींची यादी विसरते. टेप शाबूत असते, तिच्यावर काय कुठे आहे हे कुणाला माहीत नसते. मग सगळी टेप वाचून कॅटलॉग पुन्हा बांधावा लागतो. एलटीओ-७ टेप ६ टीबीची, ड्राइव्हचा वेग सेकंदाला ३०० एमबी, म्हणजे भरलेल्या एका टेपेला साडेपाच तास, तेही काही अडले नाही तर. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये 'होल्ड' नावाचा वेगळा मीडिया पूल (टेपांचा गट) करा, त्याची मुदत 'कधीही नाही' अशी ठेवा आणि टेपा त्यात हलवा. जमल्यास कॅटलॉगचाही एक एक्सपोर्ट घ्या.

टेपेसोबत आणखी तीन गोष्टी जपाव्या लागतात, आणि त्याच नेहमी हरवतात. एक, एन्क्रिप्शनचा पासवर्ड किंवा की. दरवर्षी पासवर्ड बदलत असाल तर कोणत्या टेपेला कोणता, हे बंद पाकिटात लिहून कंपनी सचिवांकडे किंवा वकिलांकडे ठेवा. दोन, वाचणारा ड्राइव्ह. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचत. एलटीओ-८ पासून ती सवलत गेली: एलटीओ-८ फक्त ७ आणि ८ वाचतो, एलटीओ-९ फक्त ८ आणि ९. पुढच्या वर्षी ड्राइव्ह बदलून थेट ९ घेतलात तर होल्डवरच्या तुमच्या चारही टेपा त्यात वाचता येणार नाहीत. तीन, बॅकअप सॉफ्टवेअरची तीच आवृत्ती आणि परवाना. इन्स्टॉलर आणि परवान्याची फाइल पेनड्राइव्हवर, त्याच पाकिटात.

ठेवण्याची जागा थंड आणि कोरडी हवी, १६ ते २५ अंश आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत. कंप्रेसरच्या खोलीतले लोखंडी कपाट ही जागा नव्हे. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत उघड्या रॅकवर टेपा ठेवणाऱ्यांना बुरशी ओळखीची असते.

मेलकडे वळू, कारण ऑर्डरचा खरा वाद फायलींपेक्षा मेलमध्ये असतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ चा मेल तुमच्या टेपेवर नाही. वेगळा बॅकअप घेत नसाल तर तो फक्त त्यांच्याकडे आहे, आणि तिथली घड्याळे तुमच्या घड्याळांहून फार छोटी. पुसलेला मेल आपोआप १४ दिवस सापडतो, सेटिंग बदलून ३०. खाते डिलीट केले की मेलबॉक्स ३० दिवसांनी कायमचा जातो. त्या अधिकाऱ्याचे खाते जूनमध्येच डिलीट केले असेल तर जुलैअखेर मेलबॉक्स संपला, हे आधी मान्य करून पुढे चला. मात्र तीन ठिकाणी शोध घ्या. त्याचा लॅपटॉप अजून फॉरमॅट झाला नसेल तर त्यावर आउटलुकची ऑफलाइन फाइल असते. ती दुसऱ्या मशीनवर सरळ उघडत नाही, पण फॉरेन्सिक करणारे त्यातून मेल काढून देतात. लॅपटॉप चालू करू नका, कुणाला देऊ नका, त्यावर चिठ्ठी चिकटवा. दुसरे, सीसीमध्ये असलेले लेखा विभाग आणि स्टोअर यांचे मेलबॉक्स. तिसरे, मे महिन्याची टेप: पुष्कळ जण आउटलुकची पीएसटी फाइल (मेल साठवलेली फाइल) सर्व्हरवरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतात, तशी ठेवली असेल तर ती त्या टेपेवर आहे.

आज कामावर असलेल्या पाच-सहा संबंधितांच्या मेलबॉक्सवर लिटिगेशन होल्ड लावा. होल्ड लागल्यावर त्यांनी मेल पुसला तरी मूळ प्रत आतल्या बाजूला शिल्लक राहते. स्वस्त प्लॅनमध्ये ही सोय नसते. मग त्या पाच-सहा जणांपुरता वरचा प्लॅन घ्या, किंवा निदान १४ चे ३० दिवस करून मेलबॉक्सचा एक्सपोर्ट आजच घ्या. गूगल वर्कस्पेस असेल तर त्यांच्या व्हॉल्ट या सोयीत होल्ड लागतो, पण खाते डिलीट करू नका. डिलीट झालेले खाते परत आणायला फक्त २० दिवस मिळतात. गेलेल्या माणसाचे खाते सस्पेंड ठेवा.

आणि व्हॉट्सॲप. डायचे फोटो, 'सर मटेरियल रिजेक्ट झालंय', 'पाठवा, बघून घेतो', हे सगळे तिथेच असते. संबंधितांच्या फोनमध्ये मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय बंद करायला सांगा, चॅट मीडियासकट एक्सपोर्ट करा, आणि फोन विकायचा किंवा बदलायचा असेल तर आधी कळवायला सांगा. बॅकअपच्या धोरणात हा विषय कुणीच लिहीत नाही. न्यायालयात मात्र पहिला कागद तोच येतो.

कायद्याची बाजू. आपल्याकडे 'लीगल होल्ड' (वादाशी संबंधित पुरावा जपून ठेवण्याचे बंधन) या नावाचा एकच सुटसुटीत नियम नाही, वेगवेगळ्या कायद्यांतून तो तयार होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ नुसार, न्यायालयात पुरावा म्हणून सादर करायला कायद्याने भाग पाडता येईल असा दस्त किंवा इलेक्ट्रॉनिक अभिलेख, तो सादर होऊ नये या हेतूने लपवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इथे 'हेतू' हा शब्द महत्त्वाचा. नोटीस येण्यापूर्वी ठरलेल्या चक्राने पुसली गेलेली टेप आणि नोटीस टेबलावर असताना पुसली गेलेली टेप या दोन फार वेगळ्या गोष्टी. म्हणून बॅकअपचे धोरण आधीपासून लेखी असणे तुमच्या फायद्याचे: 'आमच्याकडे १२ महिन्यांनी टेप पुन्हा वापरतात' हे २०२२ च्या सहीच्या कागदावर असेल तर जुनी टेप का नाही याचे उत्तर तयार आहे. दुसरा धोका दिवाणी. जो पुरावा देता आला असता पण दिला नाही, तो न देणाऱ्याच्या विरुद्ध गेला असता असे अनुमान न्यायालय काढू शकते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ११९ मध्ये हे उदाहरण आहे, जुन्या कायद्यात ते कलम ११४ मध्ये होते.

तुमचा वाद व्यापारी आहे आणि रक्कम ३ लाखांच्या वर असेल, तर तो वाणिज्यिक न्यायालयात जाईल. तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ११ बदललेल्या रूपात लागू आहे, आणि तुमच्या कामाशी त्याचा थेट संबंध येतो. दाव्याशी संबंध असलेले, आपल्या ताब्यात, अधिकारात किंवा नियंत्रणात असलेले सगळे दस्त लेखी जबाबासोबतच उघड करावे लागतात, तेही शपथेवर, आणि आपल्या विरोधात जाणारे असले तरी. लेखी जबाबाला समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, न्यायालयाने वाढवून दिले तर जास्तीत जास्त १२०. त्यानंतर हक्कच जातो. टेपेवरून शोधायला दोन महिने लागणार असतील तर समन्सची वाट बघत बसू नका. इलेक्ट्रॉनिक अभिलेखाची प्रिंट चालते, पण तो कुणी, कोणत्या संगणकावर, कधी तयार केला, कुठे साठवला, प्रिंट कधी काढली हे शपथेवर सांगावे लागते, आणि न्यायालय मेटाडेटा (फाइल कधी, कुणी केली अशी तिच्याबद्दलची माहिती) किंवा लॉग मागू शकते.

'ताब्यात असलेले' या शब्दांत एक सापळा आहे. तीन वर्षांचे बॅकअप पुरले असते तिथे दहा वर्षांचे ठेवले, तर दहाही वर्षांचे तुमच्या ताब्यात आहेत. त्यात शोधा असे समोरचा म्हणू शकतो, आणि 'कायद्याने ठेवायची गरज नव्हती' हे त्यावर उत्तर होत नाही.

टेपेवरून काही काढून न्यायालयात द्यायचे तर प्रमाणपत्र लागते: साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३, पूर्वीचे ६५ब. या प्रमाणपत्रावरचा महत्त्वाचा निकाल जालन्याच्या निवडणुकीतून आला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी ३ च्या मुदतीनंतर घेतला गेला का, हा वाद होता. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्याच्या चित्रणाच्या सीडी होत्या, पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की मूळ उपकरण हजर न करता प्रत दिली तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, आणि ते द्यायला कुणी नकार देत असेल तर न्यायालयाकडे अर्ज करून मागवावे. त्याच निकालात मोबाइल आणि इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना सांगितले गेले की तपासात एखादा अभिलेख जप्त झाला तर त्या काळातल्या नोंदी वेगळ्या काढून सुरक्षित ठेवाव्यात. सगळेच गोठवा असे न्यायालयाने म्हटले नाही. वर टेपांबद्दल जे सांगितले तेच हे.

जुलै २०२४ पासून या प्रमाणपत्राला ठरलेला नमुना आहे, दोन भागांत. भाग अ देणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा. त्यात उपकरणाची बनावट, मॉडेल, सीरियल क्रमांक लिहायचा असतो, त्या काळात ते नीट चालत होते असे म्हणायचे असते आणि फायलींची हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा आकडा, मजकूर बदलला की तोही बदलतो) व ती काढण्याचा अल्गोरिदम नोंदवायचा असतो. टेपेच्या बारकोडसाठी वेगळी ओळ नाही, तो 'इतर माहिती'त लिहा. 'नीट चालत होते' यावर सही करणाऱ्याला बॅकअप जॉबचे लॉग हाताशी लागतात. ते सर्व्हरवर ९० दिवसांनी पुसले जात असतील तर होल्डवरच्या टेपांच्या रात्रीचे लॉग आत्ताच पीडीएफ करून ठेवा. जुन्या टेपांचे लॉग आधीच पुसले गेले असतील तर रोज सकाळी येणाऱ्या 'जॉब सक्सेस' मेलवर भागवावे लागेल.

रिस्टोअर करताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. फायली नव्या, कोऱ्या डिस्कवर उतरवा, मूळ जागी कधीच नव्हे. उतरवल्या उतरवल्या, एकही फाइल उघडण्याआधी, सगळ्यांची शा-२५६ हॅश काढून यादीवर तारीख-वेळ घाला. विंडोजवर पॉवरशेलनेच ते होते, वेगळे काही विकत घ्यायला नको. त्या मशीनवरचा अँटिव्हायरस जुनी एखादी एक्सेल फाइल मॅक्रो आहे म्हणून उचलून नेतो आणि यादीत एक फाइल कमी भरते. तो फोल्डर आधीच वगळा आणि वगळल्याची नोंद करा. ओढून-टाकून कॉपी केल्यास तयार झाल्याची तारीख आजची होते, म्हणून विंडोजच्या रोबोकॉपी या कमांडने तारखा टिकवून हलवा. अख्खा सर्व्हर उभा करत असाल तर त्याची नेटवर्क केबल काढलेली हवी. जुना सर्व्हर जागा झाला की त्याला वाटते आज मे महिना आहे: अडकलेले मेल पाठवतो, ठरलेली साफसफाई चालवतो, डोमेनशी भांडतो.

टॅलीचे वेगळे. डेटा आकड्यांच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतो, जसे १००००. टॅलीच्या जुन्या ईआरपी ९ आवृत्तीचा डेटा नव्या टॅलीप्राइममध्ये उघडला की तो नव्या रचनेत बदलला जातो, म्हणजे फायली बदलल्या आणि हॅशही. आधी हॅश, मग प्रत, आणि उघडायची ती प्रत. मूळ फोल्डर तसाच राहू द्या.

आता दुसरा प्रश्न: किती वर्षे? इथे गोंधळ होतो तो बॅकअप आणि जतन या दोन गोष्टी एक समजल्यामुळे. बॅकअप अपघातासाठी. सर्व्हर जळाला, रॅन्समवेअर आले, कुणी फोल्डर उडवला, अशा वेळी लागतो, आणि त्यासाठी रोजचे ३० ते ३५ दिवस, साप्ताहिक ४ ते ६ आणि मासिक १२ किंवा १३ पुष्कळ झाले. (१३ यासाठी की मागच्या मार्चचा बॅकअप या मार्चअखेरीचा होईपर्यंत हाताशी असावा.) कायदा सांगतो ती वर्षे मात्र बॅकअपची नाहीत, नोंदींची आहेत. कंपनी कायद्याच्या कलम १२८ नुसार हिशेबाच्या वह्या आणि त्यांची व्हाउचरे मागची ८ आर्थिक वर्षे. जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने: २०२३-२४ चे देय ३१ डिसेंबर २०२४, म्हणजे ३१ डिसेंबर २०३० पर्यंत, आणि त्या वर्षावर अपील किंवा चौकशी चालू असेल तर ती संपल्यावर आणखी एक वर्ष, यांपैकी जे नंतर येईल ते. करारावरच्या पैशांच्या दाव्याला मुदत कायद्याने साधारण ३ वर्षे, म्हणून ऑर्डर, पत्रव्यवहार, तपासणी अहवाल हे व्यवहार संपल्यापासून किमान ४ वर्षे ठेवावेत. सिस्टिमचे लॉग सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार १८० दिवस, भारतात.

बॅकअप हा शब्द थेट येतो तो कंपनी लेखा नियमांत: इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवायचा. ऑगस्ट २०२२ पूर्वी 'ठरावीक काळाने' असे होते, आता 'रोज' आहे. तुमच्या क्लाउडचे रीजन (सर्व्हर असलेली जागा) सिंगापूर असेल तर हे तपासा. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरला बदलांची नोंद ठेवणारा एडिट लॉग सक्तीचा आहे, आणि तो डेटासोबतच जतन व्हायला हवा. फक्त व्हाउचरचे पीडीएफ काढून ठेवले तर तो त्यात येत नाही.

म्हणजे ८ वर्षांसाठी ८ वार्षिक टेपा नव्हे. ऑडिट सही झाल्यावर त्या वर्षाचा टॅलीचा डेटा फोल्डर, व्हाउचरांचे स्कॅन, जीएसटीची विवरणपत्रे आणि करार एवढेच वेगळ्या जतन-साठ्यात टाका, हॅश यादीसकट, दोन प्रतींत. वर्षाला काही जीबीचे काम आहे. ते शोधता येते, उघडता येते, आणि त्यासोबत सर्व्हरवरचा कुणाच्या मुलाच्या मुंजीचा व्हिडिओ आठ वर्षे सांभाळावा लागत नाही. क्लाउडमध्ये ठेवत असाल तर ऑब्जेक्ट लॉक (ठरलेल्या मुदतीपर्यंत फाइल पुसू न देणारी सोय) वापरा, पण जपून: त्यातल्या कडक, म्हणजे कम्प्लायन्स मोडमध्ये १० वर्षे टाकली की ती मुदत मुख्य खात्यालाही कमी करता येत नाही, आणि बिल येत राहते. वादापुरते जपायचे तर त्याच सोयीतला लीगल होल्ड वेगळा आहे. त्याला मुदत नसते, वाद संपला की काढता येतो.

अमेरिकी ग्राहकाशी थेट करार असणाऱ्यांसाठी एवढेच: तिथे कर्तव्य नोटिशीने नव्हे, दावा होणार हे दिसू लागले की सुरू होते. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयातल्या झुबुलेक विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग या प्रकरणात २००३ साली न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी सांगितलेला नियम आजही उपयोगाचा आहे. केवळ आपत्तीसाठी ठेवलेल्या टेपा फिरत राहू शकतात. पण वादातल्या मुख्य माणसांचा मजकूर कोणत्या टेपेवर आहे हे ओळखता येत असेल आणि तो दुसरीकडे मिळत नसेल, तर ती टेप जपलीच पाहिजे. त्या कंपनीत वकिलांनी सांगूनही मेल पुसले गेले, टेपा हरवल्या. न्यायालयाने ज्युरीला प्रतिकूल अनुमानाची सूचना दिली आणि २००५ साली ज्युरीने सुमारे २.९ कोटी डॉलर बहाल केले. तिथल्या संघीय दिवाणी नियमांतल्या २०१५ च्या सुधारणेनंतर एवढी कडक सूचना देण्यासाठी समोरच्याला वंचित करण्याचा हेतू दिसावा लागतो.

आज करायचे कागद दोन. पहिला, संबंधितांना एक पानाचे पत्र मालकांच्या सहीने: कोणता वाद, कोणता काळ, काय पुसायचे नाही, शंका आल्यास कुणाला विचारायचे. 'सर्व डेटा जतन करा' असे लिहू नका, ते कुणी पाळत नाही. 'जून २०२३ ते मार्च २०२४, या पुरवठादाराची ऑर्डर, रेखाचित्रे, तपासणी, मेल, व्हॉट्सॲप' असे लिहा. दुसरा, टेपांची वही. टेपेचा बारकोड, बॅकअपची तारीख, होल्डवर टाकल्याची तारीख, कोणी टाकली, कुठे ठेवली, त्यानंतर कुणी कधी कशासाठी काढली. साधी बांधीव वही चालते, सुटी पाने नकोत. चार वर्षांनी सही करायला तुम्ही तिथे असालच असे नाही. येणाऱ्या माणसाला ही वहीच आधार असेल.

होल्ड उठवायचा तो तोंडी निरोपावर नाही. निकाल लागला तरी वाणिज्यिक दाव्यात अपिलाला ६० दिवस असतात, तडजोड झाली तर तिच्या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. वकिलांचे लेखी पत्र आले की वहीत त्याचा क्रमांक घाला. टेपेवर दुसऱ्या एखाद्या वादाचा होल्ड तर नाही ना, हे बघा. एकाच टेपेवर दोन होल्ड असण्याची वेळ येते आणि पहिला उठला की दुसराही गेला असे समजले जाते. नसेल तर सरकपट्टी उघडा, टेप पूलमध्ये परत टाका आणि पुढच्या शनिवारी वापरा.